कुवेतचा चांद

मिऱ्या, रत्नागिरी
४ मार्च

प्रिय कौसर,

शर्यत पूर्ण झाली की तुला पत्र लिहायचं, असं मी जानेवारीत ठरवलं होतं. शर्यत पूर्ण झाली नाही. तरी लिहायला बसले आहे, कारण आता न लिहायला नवीन निमित्त शोधावं लागेल, आणि तेवढाही जोर अंगात उरलेला नाही.

सात वर्षांत आपण एकमेकींना फक्त दिसत राहिलो. तू फोनवर स्टेटस ठेवतेस, मी बघते. मी ठेवते, तू बघतेस. तुझ्या मुलाचा पदवीचा झगा, बाल्कनीतली अळूची कुंडी, तुझा नवा चष्मा, सगळं मला ठाऊक आहे. पण फोनवर लिहिलं असतं तर निळ्या खुणा उमटल्या का, हेच दिवसभर बघत बसले असते. म्हणून कागद घेतला. तुझा चुलतभाऊ अद्नान ईदला जयगडला येतोय. परत कुवेतला जाताना तुमच्या घरून कोकमं आणि सुके बांगडे नेईलच, त्यात एक पाकीट काही जड नाही.

शर्यतीचं सांगते. मार्ग आपण गेलो होतो तोच. पहिल्या दिवशी हर्णे ते गुहागर, दुसऱ्या दिवशी गुहागरहून जयगड खाडीचं मुख ओलांडून भाट्याला. नव्वद किलोमीटर. तेव्हा आपली दोघींची कयाक होती, तू पुढे, मी मागे सुकाणूवर. या वेळी मी एकटीची घेतली. जोडीला कुणी मिळालं नाही असं नाही. मी विचारलंच नाही.

हर्णेला सकाळी निघण्याआधी कयाक वाळूवर ओढत होते, तर मासळी निवडत बसलेल्या एका म्हातारीने हटकलं.

"कुठं चाललीस गो बाय, एवढी नटून?"

"रत्नागिरीला."

"मग? एष्टी बंद हाय काय?"

तिच्या शेजारच्या दोघी एवढ्या हसल्या की टोपलीवरचे कावळे उडाले. तू असतीस तर काहीतरी चोख परत दिलं असतंस. मी नुसती हसले.

पहिला दिवस बरा गेला. सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा होता, दुपारनंतर समुद्राचा वारा पाठीला. गुहागरला बायकांमध्ये चौथी होते. सेहेचाळिसाव्या वर्षी चौथी! पोटऱ्यांत गोळे आले होते, तळहाताची साल निघाली होती, पण जेवताना मी उगाच सगळ्यांशी जास्त बोलत होते. दुसऱ्या दिवशी जयगडच्या मुखावर ओहोटीत सापडले. वारा समुद्राकडून आत, पाणी खाडीतून बाहेर, मध्ये मी. वेळेची मर्यादा संपली आणि सुरक्षा बोटीने मला उचललं. इतकंच.

जयगडच्या धक्क्यावर तुझे अब्बा भेटले. जैनुद्दीनचाचा तसेच आहेत, थोडे वाकलेत. या वयातही पुरे रोजे धरतात. स्वतः कडक उपाशी, आणि मला घरून कोकमाचं सरबत आणवून दिलं. तुझ्याबद्दल बोललो.

आज आमच्याकडे शिमग्याची पालखी आली होती. ढोल अंगणात आला तरी मला उठवेना, पडल्या पडल्या हात जोडले. दीपक म्हणाला, "देव दारात आला नि तू लोळत. दोन दिवस समुद्रापुढे मात्र ताठ बसलीस!" चोवीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं एवढं खरं वाक्य मी ऐकलं नव्हतं.

थकले आहे. हाताने अक्षर नीट येत नाही, तेवढं समजून घे.

सगू


मिऱ्या
९ मार्च

कौसर,

पहिलं पत्र पाकिटात घातलं होतं, पण पाकीट चिकटवलं नव्हतं. बरं झालं.

काल अक्षया आली होती. मी व्यायाम शिकवते त्या शाळेतलीच ती, आता तेवीस वर्षांची. भाट्याच्या खाडीत तिला वल्हं धरायला मीच शिकवलं. ती तिसरी आली. पदक दाखवायला आणलं होतं, पण माझं तोंड बघून तिने ते ओढणीत गुंडाळून मांडीवर ठेवलं. मीच मागून घेतलं आणि गळ्यात घालायला लावलं. चहा पिताना म्हणाली, "मॅडम, एक विचारू? तुम्ही मुखाच्या अलीकडे तवसाळला का थांबलात? मी सरळ पुढे गेले. मुखावर पाणी बशीतल्यासारखं होतं."

"भरती पुरी व्हायची वाट बघत होते."

"पण ती पावणेदहालाच पुरी झाली होती. तक्त्यात होतं ना."

"होतं."

ती आणखी काही विचारणार होती, पण दीपकने तिच्यापुढे करंज्यांची बशी सरकवली आणि तिच्या नोकरीचं काय झालं म्हणून विषय काढला. माणूस कधीकधी शहाण्यासारखं वागतो.

तक्ता सगळ्यांना छापून दिला होता. मी तो घडी करून लाइफ जॅकेटच्या खिशात ठेवला आणि उघडला नाही. मला या वेळी पाणी तुझ्या पद्धतीने मोजायचं होतं.

आठवतं ना, मी तिथीची पाऊणपट करून भरती काढायची आणि तू चांदावरून. तुझ्या अब्बांनी शिकवलेलं: चांदाचा आकडा, म्हणजे चांद दिसल्यापासूनचा दिवस घ्यायचा, त्यात दोन मिळवायचे, त्याची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. आपण दोन वाटांनी निघून एकाच उत्तराला पोचायचो. सात वर्षांपूर्वी मात्र तवसाळच्या वाळूवर, समोर जयगड दिसत असताना, आपण भांडलो. तू म्हणालीस, ओहोटीचा जोर उतरायला पाऊण तास आहे, थांबू या. मी म्हटलं, तुझा चांद नेहमी मागे असतो. गोव्याची जोडी पुढे गेली होती आणि मला थांबायचं नव्हतं. सुकाणू माझ्या पायाशी होतं, म्हणून निघालो.

या वेळी रमजान चालू होता, म्हणजे चांद मोजणं सोपं. तू स्टेटस ठेवलं होतंस, खजुराची बशी, शेजारी पाण्याचा पेला आणि खाली 'पहिला रोजा'. त्या दिवसापासून मी बोटांवर मोजत गेले. रोज सकाळी सरावाला खाडीत उतरताना म्हणायची, आज चांद चार, आज चांद पाच. मला ते आवडायला लागलं होतं. कुणाला सांगितलं नाही. शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी चांद बारा. बारा नि दोन चौदा, त्याची पाऊणपट साडेदहा. मी दहाला तवसाळला पोचले आणि पाऊण तास वाळूवर बसून राहिले. तू तेव्हा म्हणाली होतीस तेवढाच वेळ. लोक माझ्यासमोरून पुढे जात होते आणि मला मनातून त्यांची कीव येत होती.

कुवेतला चांद एक दिवस आधी धरतात, कौसर. हे इथल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. मलाही माहीत होतं. तुझे मामा तिकडून फोनवर ईद मुबारक म्हणायचे आणि तुझी आई ओरडायची, "हय अजून रोजा हाय, उगाच तोंडाला पाणी आणू नको!" मी तिथेच ओट्यावर बसून हसलेली आहे. शिवाय होळी दोन दिवसांवर, घरात पुरणाची डाळ आणून ठेवलेली. म्हणजे तिथी तेरा, भरती पावणेदहा. सगळं समोर होतं. तरी मी रत्नागिरीचा समुद्र कुवेतच्या चांदाने मोजला.

पहिली दहा मिनिटं कळलं नाही. मग पलीकडच्या बंदराच्या क्रेन जवळ येण्याऐवजी डावीकडे सरकायला लागल्या, म्हणजे मी समुद्राकडे वाहत होते. लाटा उभ्या राहायला लागल्या. तुला सांगायला नको ते पाणी कसं असतं. प्रत्येक लाट जागच्या जागी, पुढे जात नाही आणि तुलाही जाऊ देत नाही.

आता पहिल्या पत्रातलं दुरुस्त करते. वेळेची मर्यादा संपलेली नव्हती. तिला अजून तीन तास होते. मी वल्हं उभं धरलं. कयाकवर वल्हं उभं धरणं म्हणजे 'या, मला न्या'. मला कुणी उचललं नाही, मी बोलावलं. हात थकले होते, पण संपले नव्हते. भीतीही वाटत नव्हती. एकदम वाटलं, पुरे. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात खुर्चीवर बसून राहावं आणि उठूच नये, तसं काहीसं. मी वल्हं उभं केलं तेव्हा ते किती हलकं वाटलं म्हणून सांगू.

धक्क्यावर चाचांनी पहिलं विचारलं ते हेच.

"एवढी जुनी वल्हवणारी तू, आणि या वेळेला मुखात कशी शिरलीस गो? चांद किती धरलास?"

"बारा."

"बारा?" त्यांनी काठी आपटली. "अकरा गो, अकरा! रोज पहाटेस उठतो मी, मला नाय कळणार? बारा कुठून आणलास?"

मी सरबताचा पेला तोंडाला लावला. त्यांना वाटलं दमले आहे.

अद्नान आल्याचं कळलं. अजून दहा-बारा दिवस आहे.

सगू


मिऱ्या
१५ मार्च

कौसर,

हे तिसरं. पहिली दोन वाचली तर तुला वाटेल, ही बाई शर्यत हरली आणि म्हणून मैत्रीण आठवली. तसंही आहे. पण धक्क्यावर आणखी एक झालं, ते मी दोनदा लिहायला घेतलं आणि दोनदा चांद-भरतीकडे वळले.

सरबत अर्धं पिऊन झालं होतं. चाचा माझ्या शेजारी जुन्या जाळ्याच्या ढिगावर बसले. ओठ सुकलेले. मला म्हणाले, "सगुणा, एक बोलायचा राह्यलाय. सात वर्षं झाली, तू हय आली नायस, मी तय आलो नाय. त्या वर्षी माझ्या पोरीमुळं तुझी शर्यत गेली. तिचा हात गेला, तिनं टाकलंन वल्हं, आणि तुझीपण मेहनत पाण्यात. रमजान हाय. बाप म्हणून मी माफी मागतो. माफ कर."

एक रोजेदार म्हातारा हात जोडत होता. कौसर, मी पेला खाली ठेवला आणि म्हटलं, "असू दे चाचा. जाऊ दे ते."

मी त्यांना माफ केलं.

मग उरलेलं सरबत प्यायले. ते मला पोचवायला गाडीपर्यंत आले. वाटेत एका माणसाला सांगितलंन, "ही आमच्या कौसरची जोडीदारीण. लय दमाची बाय." मी गाडीचं दार लावून घेतलं.

आता सात वर्षांपूर्वीचं. तुला जे दिसलं नाही ते.

तुझा खांदा पहिल्या दिवसापासून दुखत होता, हे खरं. मुखावर आल्यावर तू दात आवळून वल्हं मारत होतीस, तेही खरं. तुझा ताल एकदाही चुकला नाही. चुकत होता तो माझा. धक्क्यावरची माणसं दिसायला लागली होती, हिरवा शर्ट घातलेले तुझे अब्बा ओळखू येत होते, आणि तू मान न वळवता ओरडलीस, "मार गो सगू, आलंच! एवढं मार!" पाणी आपल्याला बाहेर ओढत होतं आणि ते माझ्यामुळे ओढत होतं, कारण थांबायला नको म्हणणारी मी. मला ते सहन होईना. की नुसतीच दमले होते? एवढ्या वर्षांत मी या दोन्हींतलं एक ठरवू शकलेले नाही. मी वल्हवणं थांबवलं आणि वल्हं उभं धरलं.

पुढे बसणाऱ्याला मागचं वल्हं दिसत नाही. तू मारतच होतीस. बोट शेजारी आली तेव्हासुद्धा तुझे हात चालूच होते.

बोटीवरच्या माणसाने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "हिचा खांदा गेलाय." विचार करून नाही म्हटलं. तोंडातून ते असं निघालं जसं कधीपासून तयारच होतं. मग मीच माझी ओढणी काढून तुझा हात गळ्यात बांधला. तू माझ्याकडे पाहिलंस. मग खाली पाहिलंस. मी मारलेली गाठ तू सोडली नाहीस.

आणि धक्क्यावर सगळा गाव जमलेला. तुझ्या अब्बांनी, चाळीस वर्षं तांडेल म्हणून होडी हाकणाऱ्या माणसाने, गावभर सांगून ठेवलं होतं की माझी पोर आज मुखावरून जाणार आहे. गळ्यात बांधलेला तुझा हात बघून ते सगळ्यांसमोर म्हणाले, "तांडेलाची पोर, आणि आपल्याच मुखावर हात टाकून आली." तुझ्या पाठीमागे मी उभी होते, दोन पावलांवर. एक वाक्य बोलायचं होतं. मी आपल्या कयाकचं सुकाणू वाकलंय का ते बघत राहिले.

त्यानंतर तू पाण्यात उतरली नाहीस. चार महिन्यांनी कुवेतला गेलीस. तुझा नवरा पाच वर्षं बोलावत होता आणि तू पाच वर्षं 'हा मोसम झाला की' म्हणत होतीस. लोक म्हणाले, खांदा गेला म्हणून गेली. आपल्या कयाक क्लबाच्या भिंतीवर, शर्यतींच्या यादीत, आपल्या जोडीच्या नावापुढे अजून 'कौसरचा खांदा गेला' असंच लिहिलेलं आहे. मी रोज त्याच्याखालून वल्हं काढते.

तुला तेव्हाच कळलं होतं का? कळलं असेल तर गप्प का राहिलीस? मला वाचवायला, की मी बोलते का ते बघायला? मी हे विचारतेय, पण मला उत्तर मागायचा हक्क नाही, हेही मला कळतं.

म्हणून असं ठरवलं आहे. ईदला मी जयगडला जाणार. चाचांना सांगणार. सांगितलं तरच हे पाकीट अद्नानच्या हातात देणार. नाही जमलं तर ही पत्रं परत घरी येतील, आणि मग तू मला स्टेटसवर बघत राहा.

दीपकला आज सगळं सांगितलं. तो बराच वेळ दाढीचा ब्रश धूत राहिला. मग म्हणाला, "म्हाताऱ्याचं वय किती?" मी म्हटलं, ब्याऐंशी. "मग उशीर करू नको."

सगू


जयगड, तुझ्या माहेरच्या ओट्यावर
२१ मार्च, ईद, इथली

कौसर,

दुपारचे तीन वाजलेत. अद्नान बॅग बांधतोय. त्याच्याच पेनने लिहितेय.

मी आले तेव्हा घर भरलेलं होतं. तुझी वहिनी खुर्शीद मला बघून म्हणाली, "आलीस? आम्हाला वाटलं समुद्रानं येशील." सगळे हसले. चाचा आतल्या खोलीत खुर्चीवर होते, पांढरी टोपी, अत्तर. त्यांनी खुर्शीदला हाक मारून माझ्यापुढे शीरखुर्म्याची वाटी ठेवायला लावली.

"आधी ऐका चाचा, मग खाईन."

"खा गो आधी. थंड होतंय."

"नको. त्या वर्षी कौसरनं वल्हं टाकलं नव्हतं."

वाटलं होतं, मी तोंड उघडलं की रडेन. रडले नाही. शाळेत एखाद्या पालकाला मुलाचं पडणं सांगतात तसं सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ते माझ्याकडे बघत नव्हते, खिडकीतून बाहेर बघत होते. तिथून मुख दिसतं, तुला माहीतच आहे. मी थांबल्यावर त्यांनी तांडेलासारखे प्रश्न विचारले.

"वारा कुठचा व्हता?"

"वायव्येचा."

"धक्क्यापासून किती लांब?"

"तीनशे हात. त्याहून कमीच."

"मंजे आलाच व्हता."

"हो."

"आणि ती?"

"ती मारत होती."

"हात दुखत असून?"

"हो. शेवटपर्यंत. बोट लागली तरी."

बाहेर पोरं फटाके लावत होती. खुर्शीद दारात येऊन उभी राहिली होती, तिने सगळं ऐकलं. ती म्हणाली, "अब्बा, सणाच्या दिवशी कशाला..."

"सण हाय म्हणून तर," चाचा म्हणाले. मग मला म्हणाले, "मी धक्क्यावर बोललो ते तू ऐकलंस?"

"ऐकलं."

"आणि गप ऱ्हायलीस."

"हो."

"या टायमाला मी हात जोडले, तवापण."

"हो चाचा."

त्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, परत घातली. मला वाटलं, आता मला उठायला सांगतील. मी उठायच्या तयारीत पाय खाली घेतलेसुद्धा. पण त्यांना दुसरंच काही आठवलं.

"तो बारा कुठून आणलास, ते नाय सांगितलंस."

मी सांगितलं. खजुराची बशी, पाण्याचा पेला, पहिला रोजा. त्या दिवसापासून रोज बोटांवर मोजल्याचं. ते ऐकताना आधी त्यांना हसू आलं, खोकल्यासारखं.

"पाणी हयचा आणि चांद तयचा! बुडायचीच की गो मग."

मग हळू म्हणाले, "रोज बघतेस तू तिचा?"

"रोज."

"मला नाय दिसत त्या फोनात. खुर्शीद दाखवते कवातरी." त्यांनी खिडकीच्या गजाला धरलं. "बोलतो आम्ही. तब्येत कशी, पोरगा कसा, पाऊस पडला का. मुखाचा नाव ती काढत नाय, मी काढत नाय. सात वर्षांत एकदा विचारलंन नाय तिनं, अब्बा, आज भरती कधी. ल्हान व्हती तवा रोज विचारायची."

मी माझ्याबद्दल काही विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. "तुला माफ करायचा का नाय, ते माझ्याकडं नाय. ते तिच्याकडं. माझा नि तिचा हिसाब वेगळा हाय. कागद हाय?"

त्यांचा हात आता फार कापतो, म्हणून मी लिहून घेतलं. एकच ओळ. मी विचारलं, "आणखी?"

"ती समजंल."

"खाली तुमचं नाव घालू?"

"नाव कशाला? आत बाप म्हटलाय ना."

दोनदा वाचून घेतलं. एक शब्द मी व्याकरणाने नीट केला होता, तो त्यांनी परत होता तसा करायला लावला. मग डोळे मिटून मागे टेकले. शीरखुर्म्याची वाटी त्यांनी माझ्यापुढे सरकवली नाही, पण उचलून न्यायलाही सांगितली नाही. मी खाल्ला. थंड झाला होता. खुर्शीदने रिकामी वाटी नेली आणि न विचारता पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

उद्या क्लबात जाऊन भिंतीवरची ओळ बदलायला सांगणार आहे. हात अजून दुखतात. शर्यतीचं आता फारसं वाईट वाटत नाही, की वाटायला शिल्लक नाही, कळत नाही. हा कागद तुझ्या हातात पडेल तेव्हा तू तुझ्या घरात असशील आणि मी समोर नसेन, म्हणजे तुला जसं वाटेल तसं वाटू देता येईल. मी काही मागत नाही.

अद्नान हाक मारतोय. चाचांचं खाली लिहून पाकीट चिकटवते.

सगुणा


जयगडच्या मुखावरचा पाणी कसा ओढतो ते बापाला ठावक व्हता, तरी बाप बोलला.